चौथा पाद : न जाणारे दुखणे आणि परिचारिकेची शिकवण



मराठीत ‘दुखणे काढणे’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. ‘सासूबाईंचे दुखणे तिनेच काढले’ एवढे म्हटले, की त्या घरातल्या सुनेने, लेकीने किंवा माहेरी परतलेल्या आत्याने रात्री जागवल्या, पेज भरवली, अंग पुसले, काढ्याच्या वेळा सांभाळल्या, हे सगळे न सांगता समजते. या शब्दप्रयोगात एक गृहीत दडलेले आहे. काढलेले दुखणे कधीतरी संपते. एकवीस दिवसांचा ताप उतरतो, माणूस उठून बसतो, नाहीतर जातो. सेवा करणाऱ्याच्या कष्टांना कुठेतरी शेवट असतो.

पण जे दुखणे संपतच नाही, त्याचे काय? मधुमेह, दमा, रक्तदाब, संधिवात ही दुखणी पाहुण्यासारखी येऊन जात नाहीत. ती घरातलीच होऊन राहतात. ती ‘काढता’ येत नाहीत, त्यांच्याबरोबर नांदावे लागते. वीस-तीस वर्षे दुसऱ्या कोणी रात्री जागवणे शक्य नसते आणि इष्टही नसते. अशा वेळी सेवा करणाऱ्याचे काम मुळापासून बदलते. रोग्यासाठी सगळे करणे बाजूला पडते आणि रोग्याला त्याचे त्याने करायला शिकवणे पुढे येते. हा बदल कसा घडला, तो कोणी घडवला आणि आपल्या घरांत तो कितपत पोहोचला, याचा विचार आज आपल्यासमोर मांडायचा आहे.

सुरुवात आपल्याकडच्याच एका जुन्या विचारापासून करतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघांचेही प्रत्येकी चार गुण दिले आहेत. परिचारकाला उपचाराचे ज्ञान हवे, हातात कौशल्य हवे, रोग्याविषयी जिव्हाळा हवा आणि शुचिता हवी. इथपर्यंत आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आश्चर्य आहे ते चौथ्या पादात. रोगी हा चिकित्सेचा विषय म्हणून बाजूला ठेवलेला नाही, चिकित्सा ज्यांवर उभी राहते त्या चार पायांपैकी एक म्हणून तो मोजला आहे. त्याच्याकडूनही चार गुणांची अपेक्षा आहे : स्मरण असणे, सांगितल्याप्रमाणे वागणे, न भिणे आणि आपल्या रोगाची लक्षणे नीट सांगता येणे.

आता कोणताही मनुष्य आजारी पडताक्षणी या चार गुणांनी युक्त होत नाही. भीती जाते ती कोणीतरी घालवल्यावर. लक्षणे सांगता येतात ती काय पाहायचे हे कोणी दाखवल्यावर. म्हणजे चौथा पाद घडवावा लागतो. तो कोणी घडवायचा, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाने दिले. ते उत्तर म्हणजे परिचारिका. आपल्या भाषेतल्या ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थही इथे आठवावा. ‘श्रु’ धातूपासून आलेल्या या शब्दाचा अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. शिकवणाऱ्याला आधी ऐकावे लागते, हे पुढच्या इतिहासात वारंवार दिसेल.

आधुनिक परिचर्येचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने सांगितला जातो आणि तिच्या नावाबरोबर युद्ध, जखमी सैनिक आणि हातातला दिवा डोळ्यांसमोर येतो. पण क्रिमियाहून परतल्यावर ती स्वतःच आजारी पडली आणि पुढची अनेक वर्षे बव्हंशी अंथरुणावर किंवा खोलीत राहून तिने काम केले, हे आपण विसरतो. १८५९ साली निघालेले तिचे परिचर्येवरचे छोटे पुस्तक मुळात रुग्णालयातल्या नोकरदार परिचारिकांसाठी लिहिलेले नव्हते. घरात कोणाच्या ना कोणाच्या प्रकृतीची जबाबदारी ज्यांच्यावर येते, अशा सर्वसाधारण स्त्रियांसाठी ते होते. त्यात एक पूर्ण प्रकरण आहे ते रोग्याला पोकळ धीर देणाऱ्यांवर. ‘काही होत नाही, लवकर बरे वाटेल’ असे म्हणत येणारे-जाणारे लोक रोग्याला किती थकवतात, हे तिने कठोरपणे लिहिले आहे. ज्याला आपले दुखणे लवकर जाणार नाही हे ठाऊक आहे, त्याला असली वाक्ये एकटे पाडतात. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाच्या बाजूने लिहिलेले हे प्रकरण आजही वाचनीय आहे.

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका ठेवली होती. पत्नी गेल्यावर त्याच्या मनात आले, की इतक्या सुखवस्तू घरातही शिकलेल्या परिचारिकेमुळे एवढा फरक पडतो, तर गरिबांच्या घरात किती पडेल? त्याने मेरीला तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत पाठवले. महिनाभरातच ती रडत परत आली. इतके दैन्य बघवत नाही, मला सोडवा, म्हणाली. त्याने समजूत घातली. तीन महिने संपले तेव्हा तिनेच हे काम पुढे चालू ठेवायचे ठरवले. घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेची संघटित परंपरा इथून सुरू होते. या कामात तिला काय उमगले असेल, ते सहज कळण्यासारखे आहे. परिचारिका घरातून तासाभराने निघून जाते, उरलेले तेवीस तास घरच्यांचे असतात. म्हणून त्या तासात जखम बांधण्याइतकेच ती कशी बांधायची हे दाखवणे महत्त्वाचे ठरते.

आपल्याकडे ही वाट सोपी नव्हती. परक्याच्या शरीराला हात लावायचा, विटाळ-सोवळे बाजूला ठेवायचे, रात्रपाळी करायची, हे काम ‘बऱ्या घरच्या’ बाईचे नव्हे असेच समाज मानत होता. मिरजेच्या मिशन रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ पासून काम करू लागलेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला मराठी घरांतल्या स्त्रिया पाठवल्या. त्यांत विधवाही होत्या. घरात फुकट राबणाऱ्या आत्याबाईच्या अंगचे गुण एखाद्या पेशाचे गुण असू शकतात, ही कल्पना तेव्हा नवी होती.

परिचारिका शिक्षिका झाली, त्याचे सर्वांत स्पष्ट चित्र मात्र मधुमेहाच्या इतिहासात दिसते आणि त्यासाठी बॉस्टनला जावे लागते. डॉ. एलियट जोस्लिन (१८६९–१९६२) हे तिथले मधुमेहाचे वैद्य. त्यांच्या मावशीला आणि आईलाही हा रोग होता. इन्शुलिन उपलब्ध होण्यापूर्वी, विशेषतः लहान मुलांत, मधुमेह म्हणजे बहुधा मृत्यूची चिठ्ठी होती. एकच उपाय हाती होता, तो म्हणजे अत्यंत तुटपुंजा आहार. फ्रेडरिक ॲलन यांच्या या उपासपद्धतीने रोगी काही काळ जगत, पण जवळजवळ उपाशी राहून. असा आहार रुग्णालयात काही आठवडे पाळता येतो. घरी महिनोन्महिने पाळायचा तर रोग्याला अन्नातले पिष्ट, प्रथिने, चरबी यांचा हिशोब स्वतःला जमायला हवा. म्हणून जोस्लिन यांनी १९१८ साली डॉक्टर आणि रोगी या दोघांनीही वापरावे असे एक मार्गदर्शक पुस्तक काढले. इन्शुलिनच्या आधीच शिकवणी सुरू झाली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिन हाती आले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला ते टोचले गेले. ७ ऑगस्ट १९२२ रोजी जोस्लिन यांनी आपल्या रोग्यांपैकी पहिल्यांदा ज्या व्यक्तीला इन्शुलिन दिले, ती एलिझाबेथ मज स्वतः परिचारिका होती. कित्येक वर्षांच्या उपासाने तिची केवळ हाडे उरली होती. त्या इंजेक्शनानंतर ती सावरली आणि पुढे दीर्घकाळ जगली.

औषध मिळाले, आता शिकवणीची गरज संपली, असे कोणालाही वाटले असते. झाले नेमके उलटे. इन्शुलिन ही रोज, बहुतेकांना दिवसातून एकाहून अधिक वेळा, स्वतःला टोचून घ्यायची गोष्ट होती. काचेची पिचकारी उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासून तिला धार लावायची, मात्रा मोजायची. मात्रा कमी पडली तर साखर वाढते. जास्त झाली किंवा जेवण हुकले तर साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. म्हणून खिशात साखरेचा खडा ठेवायचा आणि तो केव्हा तोंडात टाकायचा हेही शिकायचे. घरच्या घरी लघवी तपासायची : बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात आठ थेंब टाकायचे, परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशी चढती भाजणी. ही नळी आणि तो दिवा आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या कपाटातही होता.

हे सगळे डॉक्टरांच्या दहा मिनिटांत शिकवून होत नाही. जोस्लिन यांनी यासाठी परिचारिका तयार केल्या. त्यांना ते ‘भटक्या’ परिचारिका म्हणत. ही परिचारिका रोग्याच्या घरी जाई आणि तिथे काही दिवस राही. ती स्वयंपाकघरात उभी राहून त्या घरचे नेहमीचे अन्न वजन करून दाखवी. पहिल्या दिवशी ती टोचे, मग रोग्याच्या हाताला हात लावून टोचून घेई, शेवटी नुसती बघत बसे. मूल असेल तर आईच्या मनातली भीती आधी घालवी, कारण आईचा हात थरथरला तर मुलाचे दुखणे दुप्पट होते. ज्या दिवशी तिची गरज उरत नसे, त्या दिवशी ती निघे. १९३२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये क्लॅरा बार्टन या विख्यात परिचारिकेच्या जन्मस्थानी मधुमेही मुलींसाठी उन्हाळी शिबिर सुरू झाले. तिथे मुली पोहत, खेळत आणि रांगेत बसून आपापली सुई स्वतः टोचून घेत. आपल्यासारख्या आणखी मुली आहेत, हे पाहणे हाही शिकवणीचाच भाग होता.

मधुमेह्याला शिकवायचे ते त्याच्या स्वतःच्या जिवासाठी. पण दुखणे संसर्गाचे असेल, गरिबी दारात उभी असेल आणि शिकवणारे हात मूठभर असतील, तर? हा प्रश्न आपल्या देशात क्षयाच्या रूपाने उभा राहिला.

क्षयाचे नाव आपल्या घरांत उच्चारत नसत. ‘छातीचे दुखणे’ म्हणत आणि मुलीचे लग्न जमेपर्यंत तेही दडवत. ज्यांना परवडे ते मिरजेजवळच्या वानलेसवाडीला, किंवा डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली पाचगणीला सुरू केलेल्या बेल-एअर आरोग्यधामात जात. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी, दोन वेळा ताप मोजणे, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकणे, खोकताना तोंड झाकणे. औषध नसताना हीच चिकित्सा होती. तिथल्या परिचारिका ही शिस्त अंगवळणी पाडत. घरी परतलेला माणूस ती शिस्त बरोबर आणी, आणि ताटवाटी वेगळी ठेवण्याची भीतीही.

१९४४ नंतरच्या दहा वर्षांत स्ट्रेप्टोमायसिन, पीएएस आणि आयसोनियाझिड ही औषधे आली. आता रोग बरा होऊ लागला. पण भारतात रोगी लक्षावधी होते आणि आरोग्यधामांतल्या खाटा काही हजार. मग गरिबाने, दाटीवाटीच्या खोलीत, अपुऱ्या अन्नावर, घरीच राहून औषध घेतले तर? हे तपासण्यासाठी १९५६ साली मद्रासच्या चेटपट भागात एक संशोधन केंद्र उभे राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचे ते एकत्रित काम होते. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख वैद्य. रोग्यांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट तांबरमच्या आरोग्यधामात, दुसरा आपापल्या घरी. दोघांना औषधे तीच, वर्षभर.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातल्या रोग्यांना चांगले खायला मिळाले, विश्रांती मिळाली, त्यांची वजने अधिक वाढली. तरीही वर्षाअखेर रोग आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण तिथे सुमारे ९२ टक्के, तर घरी राहिलेल्यांत सुमारे ८६ टक्के होते. म्हणजे फरक फारसा नव्हता. घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढले नाही, हे पुढच्या पाहणीत दिसले. जगभरच्या आरोग्यधामांच्या अस्ताची ही एक मोठी खूण होती. रोग्याला घरापासून तोडण्याचे शास्त्रीय कारण उरले नाही.

या यशातला एक भाग आपल्या विषयाचा आहे. औषधे घरी दिली म्हणजे ती पोटात गेली असे होत नाही. त्यासाठी केंद्रातल्या, तिथली भाषा बोलणाऱ्या आरोग्यसेविका आणि परिचारिका आधी न कळवता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का ते पाहत आणि मग बसून बोलत. फॉक्स यांनी १९५८ मध्येच या प्रश्नावर एक निबंध लिहिला : रोगी स्वतः औषध घेतो तेव्हा ते खरोखर किती घेतो?

रोगी औषध का सोडतो, याचे एक उत्तर साधे आहे आणि मराठीत ते नेमके सांगता येते. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. माणसाला बरे वाटते. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शरीर स्वतः सांगते. दुसरी शिकवावी लागते. मधुमेहात आणि रक्तदाबात तर पुष्कळदा काहीच दुखत नाही. आत डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या नाजूक वाहिन्या बिघडत असतात आणि माणूस म्हणतो, ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याला आपल्या शरीराचा अनुभव बाजूला ठेवून न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा असतो. तो विश्वास धाकाने येत नाही.

बॉस्टन आणि मद्रास यांत फरकही आहे. बॉस्टनची परिचारिका शिकवून निघून गेली, मद्रासची पुन्हा पुन्हा तपासायला आली. पुढे आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाने १९९७ पासून, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर औषध गिळण्याची पद्धत देशभर नेली. तिने असंख्य जीव वाचवले. पण पाहणारा केवळ पहारेकरी झाला, तर रोगी चौथा पाद राहत नाही. तो संशयित होतो. क्षयाचे सहा महिने पहाऱ्यात काढता येतात. मधुमेहाची तीस वर्षे कोण पहारा देणार?

इथे आपल्या घरांकडे पाहायला हवे. आपल्याकडे प्रेमाला कमतरता नाही. आजोबांच्या गोळ्या डब्यात लावून ठेवणारी सून, त्यांच्या ताटातला गोड पदार्थ गुपचूप उचलणारी आजी, इंजेक्शन देणारा मुलगा, सगळे तत्पर असतात. पण आजोबांना कोणती गोळी कशासाठी, हे विचारले तर पुष्कळदा सांगता येत नाही. सून चार दिवस माहेरी गेली, की साखरेचा घोळ होतो. आपण त्यांचे दुखणे ‘काढत’ असतो आणि त्यांना लहान मूल करून ठेवत असतो. त्यात त्या सुनेचेही आयुष्य अडकते. काळजी घेणे आणि शिकवणे यांत आपण पहिल्याचीच वाहवा करतो.

आणि आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांना आणखी एक अडचण आहे. सुई टोचायला भाषा लागत नाही, शिकवायला लागते. बेळगावच्या रुग्णालयात परिचारिका कन्नड बोलते, हैदराबादला तेलुगू किंवा मल्याळम, वडोदऱ्याला गुजराती. कामापुरती ती भाषा आपल्याला येते, व्यवहार सुरळीत चालतो. पण ‘पायाला मुंग्या येतात’, ‘जीव घाबरा होतो’, ‘हातपाय गळून जातात’ हे आजी ज्या शब्दांत सांगेल ते शब्द मराठीच असतात. ती मान डोलावते आणि परिचारिकेला वाटते समजले. दुभाषा म्हणून बसलेला नातू सोयीचे तेवढे सांगतो. आजी उपासाच्या दिवशी गोळी घेत नाही, हे तो सांगत नाही, कारण त्याला ते महत्त्वाचे वाटत नाही. चरकाने अपेक्षिलेला रोग्याचा चौथा गुण, आपले लक्षण नीट सांगता येणे, तो असा वाटेतच गळतो.

२०१८ पासून देशात उभ्या राहिलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात. त्यांत परिचर्या शिकलेल्यांची संख्या मोठी आहे. रक्तदाब आणि मधुमेहाचे रोगी गावातच तपासणे हे त्यांच्या कामांत येते. मेरी रॉबिन्सनने जे काम रडत-रडत सुरू केले आणि मद्रासच्या सेविकांनी उन्हातान्हात केले, तेच हे काम आहे. नोंदवह्या भरून उरलेला वेळ या मुलींना बोलायला मिळतो का, हे आपण नागरिक म्हणून विचारले पाहिजे.

आपल्या हातात असलेले कामही लहान नाही. आपल्या संस्थांपाशी सभागृहे आहेत, वाचनालये आहेत, दोन भाषा सारख्याच सहजतेने बोलणारी निवृत्त माणसे आहेत आणि काही घरांत निवृत्त परिचारिकाही आहेत. महिन्यातून एक दुपार त्यांनी एखाद्या आजीच्या शेजारी बसून, तिच्या गोळ्यांचा डबा उघडून, एकेक गोळी तिच्याच हातात देत ‘ही कशाची?’ एवढे विचारले तरी पुरे. उत्तर येईपर्यंत मात्र थांबायला हवे.